बाळंतिणीचं पाणी

गेवराईत राहायला कोणी येत नाही, सगळे जायला येतात. बीडची एसटी येते, औरंगाबादची येते, शेवगावकडची येते, माजलगावची येते. माणसं उतरतात, चहा पितात आणि दुसऱ्या गाडीत चढतात. कापसाच्या दिवसांत तर नदीपासून जिनिंगच्या फाटकापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. अशा गावात ज्याला चाक करता येतं त्याला उपाशी मरायचं काम नाही, असं आश्रुबा सुताराचा बाप म्हणायचा. बाप खोटं बोलत नव्हता. त्यानं त्र्याहत्तर सालचा उन्हाळा बघितला नव्हता, एवढंच.

उमापूरच्या वाटेला, नाक्याच्या अलीकडं, लिंबाखाली आश्रुबाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार मेढी आणि वर गंजका पत्रा. मागं दोन खणांचं घर. घरात आश्रुबा, त्याची बायको मुक्ताबाई आणि बाळंतपणाला आलेली लेक सुंदरा. जावई खडी फोडायच्या कामावर होता, लांब, पैठणच्या अंगाला.

त्या साली काम नव्हतं असं नाही. काम दारात येऊन बसलं होतं. दुष्काळात माणूस वाळतो तसं लाकूडही वाळतं. चाकाचं लाकूड आकसलं की वरची लोखंडी धाव ढिली होते, आणि धाव ढिली झाली की आरे मधल्या तुंब्यात खुळखुळायला लागतात. एरवी गाडीवाले रात्रभर चाकं नदीच्या डोहात घालून ठेवायचे, लाकूड फुगायचं, काम भागायचं. आता डोहात म्हशीसुद्धा बसत नव्हत्या. त्यामुळं जो तो चाक घेऊन आश्रुबाकडं यायचा आणि म्हणायचा, धाव काढ, कापून लहान कर अन् परत बसव.

धाव बसवायला जाळ लागतो आणि पाणी लागतं. जाळाला गोवऱ्या मिळत होत्या. लाल झालेली धाव सांडशीनं उचलून चाकावर टाकली की लाकूड पेट घेतं, आणि त्याच क्षणाला पाणी पडावं लागतं. भरपूर, गोल फिरून, न थांबता. लोखंड आवळतं, चाक कण्हतं, आरे तुंब्यात घट्ट बसतात. पाणी कमी पडलं तर लाकूड जळतं आणि धाव चार दिवसांत पुन्हा ढिली. एका चाकाला चार-पाच घागरी. म्हणजे काम होतं, हात होते, लोखंड होतं, आणि पाणी नव्हतं. हसावं का रडावं कळत नाही अशातली गत.

चैत्रापर्यंत आश्रुबानं निभावलं. नदीच्या वाळूत हातभर, मग कंबरभर, मग पुरुषभर झिरा खणला. गढूळ का होईना, लोखंडाला काय, चालायचं. मुक्ताबाई आणि तो भल्या पहाटे जाऊन वाटीवाटीनं घागर भरायचे. आश्रुबाची कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच. वैशाख लागला आणि झिऱ्यात नुसता चिखल उरला. त्या दिवशी त्यानं चिखलात हात घालून बघितला, हात धोतराला पुसला आणि दुकानात येऊन लाकूड तासायचा वाकस कोपऱ्यात ठेवला.

गावात टँकर यायचा. घराला दोन हंडे. त्या रांगेत भांडण नाही असा दिवस नसायचा. एकदा आश्रुबा रांगेत उभा होता तर शेजारची सावित्रीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या सुताराला कावून देता पानी? आमी पितो, ह्यो लोखंडाला पाजतो." लोक हसले. आश्रुबानं टँकरचं पाणी एक थेंब कधी चाकावर टाकलं नव्हतं, पण हे सांगायचं कुणाला? तेव्हापासून रांगेत मुक्ताबाईच जायची.

आणि मुक्ताबाई पाणी साठवत होती.

सुंदराचं मागचं बाळंतपण सासरी झालं होतं. सुईणीनं झिऱ्याचंच पाणी वापरलं. पोरीला ताप भरला, आणि मूल सहाव्या दिवशी, सटवीची पूजा मांडली होती त्याच दिवशी गेलं. मुक्ताबाई पोचली तेव्हा पाटा-वरवंटा पूजेसाठी तसाच मांडलेला होता. तिनं तो स्वतःच्या हातानं उचलला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, पोरीच्या अंगाला घाण पाणी लागू द्यायचं नाही. म्हणून रोजच्या दोन हंड्यांतलं तांब्या-तांब्या पाणी लुगड्याच्या फडक्यातून गाळून ती आतल्या खणातल्या रांजणात टाकायची. वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. आंघोळ कुणी करत नव्हतं. भांडी राखेनं घासून पुसून ठेवायची. महिन्याभरात सहा घागरी जमल्या. आश्रुबा पाणी पिताना अर्धा तांब्या पिऊन उरलेला परत ठेवायचा. त्यालाही नातवंड पाहिजे होतं. दोघांचं वय झालं होतं आणि सुंदरा एकुलती एक.

इकडं गावात गाडीवानांची सहकारी सोसायटी निघाली होती. चेअरमन भगवानराव. भगवानरावांच्या दारात जीप होती, बैलगाडी नव्हती. तरी गाडीवानांचे चेअरमन तेच. पण खरं ते खरं, त्यांनी खटपट करून काम आणलं. गोदामात ट्रकनं मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायचा, लाल, जनावरं हुंगून मान फिरवतील असा. ट्रक डांबरी सोडून जात नसत. मग तिथून पुढं आडवाटेच्या दुष्काळी कामांवर ती पोती न्यायला सोसायटीच्या पन्नास बैलगाड्या. ज्याच्या गाडीला नंबर, त्याच्या बैलांना सोसायटीचा कडबा. खेप चुकली की नंबर गेला, कारण मागं दीडशे जण टपून बसले होते. बैल जगवायचा तो एवढाच रस्ता होता.

सटवाच्या गाडीला असा नंबर होता.

सटवा दोन कोसांवरच्या वाडीचा. वय तिशीचं, हाडानं रुंद, बोलायला मोकळा. त्याच्या गाडीची चाकं आश्रुबानंच केली होती, सटवाच्या लग्नात. कुठंही गाडी थांबली की सटवा चाकावर थाप मारून सांगायचा, "आश्रुबाकाकाच्या हातचं हाय. मी मरंन, चाक मरनार न्हाई." असं बोलू नये, पण तरणी माणसं बोलतात.

त्या दिवशी दुपारी तो आला तो गाडी हळू चालवत आला. डावं चाक खुळखुळत होतं, आणि धावेवर त्यानं सुंभाचे वेढे बांधले होते.

"काका, धाव निसटायली बघा. आज बांधून आनली."

आश्रुबानं वाकून सुंभ सोडला, धाव हातानं हलवली. बोट आत जाईल एवढी फट पडली होती. त्यानं आरे एकेक हलवून बघितले.

"कापून बसवावी लागंल."

"मग बसवा की. जाळ मी करतो. गोवऱ्या आनल्यात मी."

"पानी कुठं हाय, सटवा?"

"झिरा?"

"झिरा आटून आठ दिस झाले. चिखल हाय. तुमच्या वाडीत आड हाय न्हवं?"

"आडाला कुलूप हाय काका. घरटी एक घागर, ती बी पंचापुढं. चाकाला पानी मागितलं तर दगडं हानतील." सटवा चाकाशी बसला. "उद्या सकाळी माझी खेप हाय. उमापूरच्या वाटंला. न्हाई गेलो तर नंबर जातोय. नंबर गेला की कडबा गेला. बैलं आता उभी हायत ती त्या कडब्यावर." मग तो थोडा थांबून म्हणाला, "घरात काय असंल तर बघा. चार घागरी. मी कुठून बी भरून दीन."

आश्रुबा घराच्या दाराकडं बघत नव्हता. पण त्याला दारामागं मुक्ताबाई उभी असल्याचं कळत होतं, बांगडी वाजली होती. आत सुंदरा भिंतीला टेकून बसली होती. दिवस भरले होते. आज नाही तर उद्या.

"घरात पानी न्हाई," आश्रुबा म्हणाला.

आयुष्यात तो फार खोटं बोलला नव्हता. सुतारकामात खोटं बोलायची सोय नसते, लाकूड दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकतं. त्यामुळं त्याला खोटं बोलायची सवय नव्हती आणि बोलल्यावर काय करायचं तेही ठाऊक नव्हतं. सटवानं तर लगेच विश्वास ठेवला. नुसती मान हलवली. तो चिडला असता, तक्रार केली असती, तर बरं झालं असतं.

"मग पाचरा मारा," सटवा म्हणाला.

धाव आणि लाकूड यांच्या फटीत बाभळीच्या पाचरा ठोकायच्या. ती काही दुरुस्ती नव्हे, ती वेळ मारून नेणं. आश्रुबाचा बाप पाचर मारणाऱ्या सुताराच्या घरचं पाणी पीत नसे. आश्रुबानं आजवर कुणाला पाचर मारून दिली नव्हती. मागायला आलेल्याला त्यानं चाकासकट परत पाठवलं होतं, शिव्याही घातल्या होत्या. आज त्याला शिवी देता येईना. एकदा 'नाही' म्हणून झालं होतं, ते खोटं होतं, आणि दुसऱ्यांदा 'नाही' म्हणायला त्याच्याकडं तोंड नव्हतं.

"मारतो," तो म्हणाला.

मग तो कामाला लागला. आणि इथंच सगळं चुकलं असं मला वाटतं. पाचरा मारायच्याच होत्या तर कशातरी मारायच्या, जशा बाकीचे मारतात, की बघणाऱ्याला लांबून दिसावं हे चाक आजारी आहे. आश्रुबाला तसं येत नव्हतं. त्याच्या जिवाला लागलं होतं, म्हणून त्यानं जास्तच जीव ओतला. वाळलेली बाभूळ निवडली, वाकसानं एकेक पाचर तासली, रंध्यानं साफ केली, बारदानाच्या पट्ट्या तेलात भिजवून फटीत घातल्या, त्यावर पाचरा समोरासमोर ठोकत नेल्या. वर आलेली टोकं कापून घासली. तीन तास गेले. त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटले. शेवटी त्यानं चाक उभं करून धावेवर हातोडी मारली. ढिलं चाक भद्द वाजतं. हे टणकन वाजलं, नव्यासारखं.

सटवा हसला. "ह्याला म्हनायचं हात!"

"हसू नगं बे. ऐक. ह्ये चाक न्हाई, ह्ये सोंग हाय. सा पोत्याच्या वर घालायचं न्हाई. उताराला बैल हातात धरून उतरायचं. अन् कुठं पानी दिसलं, डबकं का असंना, चाक त्यात घाल."

"सा पोती," सटवा म्हणाला. "तुमची आन."

त्यानं पैसे द्यायला कनवटीला हात घातला. आश्रुबानं घेतले नाहीत. आश्रुबाकाका पैसे घेत नाहीत याचंही सटवाला काही वाटलं नाही. गाडी गेली. चाक वाजत नव्हतं.

आत मुक्ताबाई भाकरी थापत होती. तिनं एक भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडं बघतच म्हणाली, "माझ्या मनात आलतं, द्यावं म्हनून. दोन घागरी तरी."

"दोन घागरीत काय व्हतंय?"

"काय न्हाई व्हत." तिनं भाकरी उलटली. "बरं केलं तुमी."

दोघांनाही ते बरं वाटलं नाही, पण पोरीकडं बघून दोघं जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच सुंदराला कळा सुरू झाल्या. सुईण आली. मुक्ताबाईनं रांजणावरचा दगड उतरवला. आश्रुबानं चूल पेटवली आणि पाणी तापत ठेवलं. तसं स्वच्छ पाणी, तळ दिसेल असं, त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ते उकळायला लागलं तेव्हा त्याला वाटलं, झाकण ठेवावं, वाफ वाया जाते.

त्याच वेळी गोदामापाशी सोसायटीच्या गाड्या भरत होत्या. हे सगळं नंतर हरिबानं सांगितलं; हरिबाची गाडी सटवाच्या मागं होती. भरणाऱ्या हमालांना ठरवून दिलं होतं, गाडीमागं दहा पोती. सटवा म्हणाला, माझ्या गाडीत सहाच टाका. गोदामावरचा कारकून म्हणाला, सहा नेणाऱ्याचा नंबर दहा नेणाऱ्याला देतो, आहे कबूल? आणि कारकून स्वतः खाली उतरला, सटवाच्या चाकाभोवती फिरला, हातातल्या लोखंडी गजानं धावेवर एक हाणली. टणकन वाजली. "ह्याला काय धाड भरली?" कारकून म्हणाला. "सगळ्या गाड्यांत हेच एक चाक धड हाय." लोक हसले. सटवालाही हसू आलं. मग तो नेहमीचं वाक्य बोलला, आश्रुबाकाकाच्या हातचं आहे, आणि म्हणाला, भरा.

ओढ्याचा उतार आला तेव्हा ऊन टळटळीत होतं. सकाळपासून तापलेल्या धुळीत फटीतलं बारदान वाळून कोळ झालं होतं. सटवा दिल्या शब्दाला जागला, खाली उतरून डावीकडून बैलांच्या तोंडाशी गेला, कासरा आखडून धरला. निम्म्या उतारावर पाचरा एकामागं एक उडाल्या. हरिबा म्हणाला, शेंगा तडकाव्यात तशा. धाव निसटून एकटीच गडगडत ओढ्यात गेली. आरे पसरले, गाडी डावीकडं, पुढं कलंडली आणि दहा पोती मिलो सटवाच्या अंगावर आला. पोती काढायला चौघं होते. वेळ फार लागला नाही. पण मरायला फार वेळ लागतही नाही.

हरिबा आश्रुबाच्या दुकानासमोर आला तेव्हा दुपार कलली होती. घरातून सुंदराचं ओरडणं ऐकू येत होतं. हरिबा उन्हातच उभा राहिला.

"काका, सटवा गेला."

आश्रुबाच्या हातात पाण्याची कळशी होती, आत द्यायची. त्यानं ती खाली ठेवली नाही, सांडलीही नाही. "कुठं?" म्हणाला. जसं काही सटवा गावाला गेला होता.

"ओढ्याला. चाक बसलं."

आतून सुईण ओरडली, "पानी आना, पानी!" आश्रुबा वळला, दारापर्यंत गेला आणि कळशी आत सरकवली. पुन्हा बाहेर आला तोवर हरिबा निघून गेला होता; त्याला वाडीवर सांगायला जायचं होतं. आश्रुबा चाकं ठेवायच्या दगडावर बसला. आतून मुलाचं रडणं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिलासारखं, पण थांबत नव्हतं.

मुक्ताबाई हात पुसत बाहेर आली. तिच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू होतं. "पोरगी झाली. जोरकस हाय. सुंदरा बी बरी हाय." मग तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

वाडीला माती द्यायला आश्रुबा गेला. चौघांच्या मागं चालला. कुणी त्याला काही बोललं नाही. उलट लोक त्याच्याशी मायेनं वागले. जो तो कारकुनाला शिव्या घालत होता, सोसायटीला घालत होता, भगवानरावांच्या जीपला घालत होता. म्हाळू नावाचा म्हातारा, सटवाचा चुलता, आश्रुबाचा हात धरून म्हणाला, "सटवानं घरी सांगितलं व्हतं. काकानं सा पोती म्हनलंय. तुमी सांगायचं ते सांगितलं बापा. पोटापुढं कोन ऐकतंय?" आश्रुबाला तिथंच सांगावंसं वाटलं. पण सटवाची बायको भिवराबाई समोर मातीत बसली होती, तिला दोन बायकांनी धरलं होतं, आणि तो मागं सरला.

आठव्या दिवशी तो मुक्ताबाईला म्हणाला, "मी सांगनार हाय तिला."

"काय सांगनार?"

"पानी व्हतं म्हनून."

मुक्ताबाई नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. सहावा दिवस सुखरूप पार पडला होता, पाटा-वरवंटा पूजून उचलला होता. ती हळूच म्हणाली, "सांगून का सटवा परत येनार हाय? तुमाला हलकं वाटंल. तिला?"

"मला भाकर जात न्हाई."

"नगं जाऊ द्या," मुक्ताबाई म्हणाली. तिला रडू आलं. "मला तरी कुठं जातीय! पर ही बघा की. हिच्या तोंडाकडं बघा. ही न्हाई जगली असती तर आपून काय बोललो असतो?"

पाणी एकच होतं आणि त्यात एकच जीव न्हाऊन निघणार होता, असं मुक्ताबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यावर ती उभी होती.

माणूस मेल्यावर सोसायटी जागी झाली. भगवानराव जीपनं आले, हळहळले, आणि आठवड्यातून एक टँकर गाड्यांच्या चाकांसाठी म्हणून आश्रुबाच्या दुकानापाशी उभा राहील असा ठराव झाला. टँकर खरंच आला. दोन टाक्या भरून पाणी दारात पडलं. आश्रुबा दिवसाला चार चाकं करायला लागला. सावित्रीबाई येऊन घागर मागून गेली, त्यानं दिली.

सटवाला जाऊन सतरा दिवस झाले होते. सकाळी हरिबाची गाडी दुकानासमोर थांबली. तीत मोडलेलं चाक होतं, सुटे आरे एका चवाळ्यात बांधलेले, ओढ्यातून उचलून आणलेली धाव होती. आणि भिवराबाई होती. कपाळ मोकळं, डोक्यावरचा पदर घट्ट.

"मामा," ती म्हणाली, "तुंबा धड हाय बघा. आरे सहा मोडलेत. चाक करून द्या. सोसायटीनं नंबर ठिवलाय माझ्या नावावर, सोमवारपस्तोर. मी हाकनार हाय गाडी."

"तू?"

"मग कोन? म्हाळूमामाला दिसत न्हाई. बैलं तर जगवायची हायत."

आश्रुबानं पाच दिवस दुसरं काम घेतलं नाही. खैराचं जुनं, मुरलेलं लाकूड काढलं, ते त्यानं स्वतःच्या सरणाला म्हणून ठेवलं आहे असं मुक्ताबाई थट्टेनं म्हणायची. नवे आरे, घेराचे नवे पुठ्ठे. रविवारी सकाळी भिवराबाई आली. धाव लाल झाली, चौघांनी उचलली, चाकावर टाकली, जाळाचा भपका उठला. भिवराबाईनं पदर खोचला आणि घागर उचलून तीच पाणी ओतायला लागली. एक घागर, दुसरी, तिसरी. वाफेत दोघंही दिसेनासे झाले. चाक कण्हलं, आवळलं. सातव्या घागरीला आश्रुबानं हात वर केला.

बाकीचे चहाला नाक्यावर गेले. भिवराबाई आत जाऊन आश्रुबाच्या नातीला बघून आली, तिच्या हातात आठ आणे ठेवून आली. परत येऊन ती चाकाशी बसली, धावेवर हात ठेवून. धाव अजून कोमट होती.

"मामा, एक बोलते. समद्या जगानं आमाला बुडवलं, तुमी तेवढं न्हाई. पैसं बी घेतलं न्हाई त्या दिवशी. ते घरी येऊन मला म्हनले व्हते."

तेव्हा आश्रुबाला राहवलं नाही.

"भिवरा, त्या दिवशी घरात पानी व्हतं."

ती बघत राहिली.

"सा घागरी व्हत्या. लेकीच्या बाळंतपनाला ठिवलेल्या. मी सटवाला न्हाई म्हनलो. पानी न्हाई म्हनलो. खोटं बोललो."

भिवराबाईनं धावेवरचा हात काढून घेतला. लिंबाचं एक पान तिच्या मांडीवर पडलं होतं, ते तिनं झटकलं. आत बाळ रडायला लागलं आणि सुंदरानं त्याला पाजायला घेतलं असावं, ते थांबलं.

"बाळंतिनीचं पानी हाय, असं कावून न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"काय फरक पडला असता?"

"आमच्या वाडीची रीत हाय मामा. आडाला कुलूप असू द्या न्हाईतर काय बी असू द्या, बाळंतिनीला अन् मढ्याला पानी न्हाई म्हनत न्हाईत. कुन्या बी गावची असंना. ह्यांनी त्या दिवशी तुमचं पानी चाकाला घेतलं असतं, अन् वाडीला येऊन म्हनले असते, गेवराईत आश्रुबाकाकाची लेक अडलीय. सांजच्याला सा घागरी घेऊन मीच आले असते. डोक्यावर आनल्या असत्या."

आश्रुबानं कोमट धावेवर हात ठेवला, तिनं ठेवला होता तिथंच.

"मी बावीस दिस त्या कारकुनाला तळतळाट देत व्हते," भिवराबाई म्हणाली. "तेवढ्यावर दिस निघत व्हता. आता तुमी हे सांगितलं. आता मी काय करू? तुमाला शिव्या देऊ? लेकीला वाचवलं म्हनून? मला देता येत न्हाईत. तुमी सांगायचं तवा सांगितलं न्हाई, अन् नगं सांगायचं तवा सांगितलं."

ती उठली. नाक्यावरून हरिबा आला, दोघांनी चाक आसावर चढवलं, वंगण घातलं, बैल जुंपले. भिवराबाई पुढं बसली आणि कासरा हातात घेतला. तिनं मागं बघितलं नाही. गाडी उमापूरच्या वाटेला लागली. बाकीच्या गाड्या गेल्या-आल्या, ट्रकांची धूळ उडाली, आणि तिची गाडी त्यात दिसेनाशी झाली.

मुक्ताबाई नातीला खांद्यावर घेऊन दारात आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

"सांगितलंत?"

"हां."

"मग? काय म्हनली ती?"

आश्रुबा नातीकडं बघत होता. मग त्यानं बायकोच्या हातांकडं बघितलं. महिनाभर तांब्या-तांब्या पाणी फडक्यातून गाळणारे ते हात. वाळून भेगाळलेले, आणि आता बाळाच्या पाठीवर हळूहळू फिरत होते.

"काय न्हाई," तो म्हणाला. "बरं केलं म्हनली. पानी एकच व्हतं, दुसरं काय करनार व्हता, असं म्हनली."

मुक्ताबाईनं डोळे मिटले. तिचा सगळा देह सैल झाला, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून नातीला थोपटत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.